सुतळी आणि खुर्चीचा डावा हात

खिळेमामांकडून काही कबूल करून घ्यायचं असेल तर त्यांच्या तोंडात खिळे असताना विचारावं, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. मामा जुने सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग ते बारीक खिळे ठेवायचे कुठे? ओठांत. जिभेने एकेक खिळा पुढे आणायचा, चिमटीत धरायचा, ठोकायचा, की लगेच पुढचा तयार. सारी उमर यातच गेली. त्यामुळे कामात असले की मामांचा सगळा कारभार एका ‘हं’वर चालायचा. मामा, शिडी नेऊ? हं. मामा, गाडी तुमच्या दाराशी लावू? हं. तोंड रिकामं झालं की मग मामा दुकानाबाहेर येऊन विचारत, “माझी शिडी कुठे गेली? आणि ही गाडी कुणाची?”

मामा तरी कसले, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणत. गोल चेहरा, कानावर खडू, अंगावर कायम कापसाचे पुंजके. वर घर, खाली दुकान, मध्ये लाकडी जिना. जिन्याच्या वरच्या टोकाला मामी. दुकानात काय चाललंय यावर त्यांचं तिथून बारीक लक्ष असे.

मामांची आणखी एक खोड होती. सांगितलेल्या कामावर त्यांचं कधी भागायचं नाही. कुणी सोफ्याची एक गादी भरायला आणली की मामा तिन्ही भरत, खालचे पट्टे ताणत, डुगडुगणारा पाय घट्ट करत. आणि हे सगळं गुपचूप. गिऱ्हाईक घरी जाऊन बसेल, त्याला एकदम कळेल, त्याचा चेहरा कसा होईल, याचं चित्र रंगवत ते आठवडाभर खूश असत. “एवढंच करा” असं गिऱ्हाईक म्हणतं ते संकोचापोटी, असा त्यांचा ठाम समज होता. तो समज घेऊनच ते म्हातारपणाच्या उंबरठ्यावर येऊन पोचले होते. मामी म्हणत, “कुणी पुरे म्हटलेलं तुम्हाला ऐकूच येत नाही. मी जेवताना पुरे म्हणते तेव्हासुद्धा येत नाही.”

तर या मामांच्या गळ्यात सुतळी कशी पडली, ते सांगायला हवं. मामांची भाची प्राण्यांच्या निवाऱ्यात कामाला होती. अंगाने किरकोळ, पण बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद. त्या दिवसांत निवारा मांजरांनी नुसता फुलून गेला होता. अगदी लहान पिल्लांना तिथल्या गर्दीत खोकला-सर्दी लगेच होते, म्हणून पक्कं घर मिळेपर्यंत ती ओळखीपाळखीच्या लोकांकडे ठेवत. भाची दुकानात आली, मामांच्या ओठांत चांगली मूठभर खिळ्यांची रांग आहे हे तिने आधी बघून घेतलं आणि मग गोड आवाजात म्हणाली, “मामा, एक पिल्लू थोडे दिवस ठेवशील ना? कायमचं नाही, घर मिळेपर्यंत.”

“हं,” मामा म्हणाले.

खिळे संपेपर्यंत पिल्लू फोमच्या तुकड्यांच्या खोक्यात झोपीही गेलं होतं. करड्या रंगाचं, पाठीवर पुसट पट्टे, आणि इतकं बारीक की मामांनी उचलून धरलं आणि म्हणाले, “हे मांजर आहे की सुतळी?” नाव तिथेच पडलं.

आता घोडं अडत होतं ते मामींपाशी. मामींना मांजर आवडायचं, मामींच्या नाकाला आवडायचं नाही. मांजर नुसतं जिन्याच्या खालच्या पायरीवर आलं तरी मामी वरच्या पायरीवर शिंकत, आणि एकदा सुरू झाल्या की डोळे लाल होऊन पाठीला उसण भरेपर्यंत थांबत नसत. म्हणून सुतळीचा मुक्काम दुकानात. दिवसभर मामा सोबतीला, पण संध्याकाळी शटर ओढलं की बिचारी एकटी, तेही लोकांच्या सोफ्या-खुर्च्यांमध्ये. हे काही कायमचं घर नव्हे, हे मामांनाही कळत होतं. कळत होतं म्हणून ते चहा पिताना तिच्याकडे बघत नसत.

पण ठेवायचं तर नीट ठेवायचं. मांजराला नखं घासायला काहीतरी लागतं, असं भाचीने सांगितलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने एक गोणपाट टाकलं असतं. मामांनी भलीमोठी फळी घेतली आणि दुकानात उरलेल्या सगळ्या कापडांचे तुकडे तिच्यावर एकाखाली एक ठोकले. मखमल, जाड विणीचं, रेशमी, रेषांचं, रेक्झिनसुद्धा. एक तुकडा फाटला की लगेच नवा. सुतळी त्या फळीला अशी भिडायची, की खरखर आवाज पार बाहेरच्या फुटपाथवर ऐकू यायचा. मामा हातोडी खाली ठेवून बघत बसत. “रेशमी आवडलं का आमच्या बाईंना?” असं विचारत आणि पुढच्या वेळी रेशमी दोन लावत.

घर लवकरच मिळालं. एक जोडपं आलं, नुकतंच लग्न झालेलं, दोघंही हसरी. सुतळी गेली. मामांनी त्या दिवशी एक खुर्ची उलटी शिवली आणि परत उसवली. पण उसवलेली शिवून होते न होते तोच सुतळी खोक्यातून परत. नवा कोरा सोफा, त्याच्या चारी कोपऱ्यांचा भुसा केला म्हणे. जोडप्याचं हसू मावळलं होतं. त्यानंतर गिटार शिकवणारे एक मास्तर घेऊन गेले. सोफाबिफा त्यांच्याकडे नव्हताच, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जमलं. सुतळीने पडदे उरकले, खुर्चीच्या गाद्या उरकल्या आणि शेवटी गिटारच्या पेटीत उतरून आतलं मखमल काढलं. मास्तर स्वतः तिला घेऊन आले. माणूस सज्जन. म्हणाले, “स्वभावाने सोनं आहे हो. पण कापड दिसलं की तिचं भान जातं.”

मास्तर गेले आणि पाठोपाठ भाची आली. यावेळी तिने मामांच्या तोंडात खिळे आहेत की नाहीत तेही पाहिलं नाही. “मामा, हे बघ. दोनदा परत आली. तिसऱ्यांदा आली तर तिला मोठ्या मांजरांच्या खोलीत ठेवावं लागेल. आणि एकदा तिथे गेलेलं मांजर तिथेच म्हातारं होतं. लोक येतात ते पुढच्या खोलीत पिल्लं बघतात आणि तिथूनच वळतात. मागच्या खोलीपर्यंत कुणी येतच नाही. मला कळत नाही, ही सगळं कापड का फाडते? मांजराला एकच काहीतरी खरखरीत द्यावं, एकाच जागी. मग ते तेवढंच आपलं मानतं आणि बाकीच्याला हात लावत नाही.” बोलता बोलता तिची नजर फळीवर गेली. मखमल, जाड विणीचं, रेशमी, रेषांचं. ती त्या फळीसमोर बराच वेळ उभी राहिली. “मामा,” ती म्हणाली, “तू हिला अख्ख्या जगाचा सोफा शिकवलास.”

मामांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. लाड म्हणून केलं, आणि पोरीचं घर त्यानेच दोनदा मोडलं. जिन्याच्या वरून मामी काहीतरी बोलणार होत्या, पण नवऱ्याचा चेहरा बघून त्या मूग गिळून बसल्या. मामींच्या आयुष्यात असे प्रसंग फार आले नव्हते.

मामांनी फळीवरचं सगळं कापड त्याच दुपारी उपटून काढलं आणि तिला वरपासून खालपर्यंत काथ्याचा दोर गुंडाळला. गिऱ्हाइकांचं सामान जुन्या चादरींखाली झाकून टाकलं. सुतळी रुसली. फळीकडे बघायची आणि पाठ फिरवून बसायची. मग एके दिवशी चहाचं विचारायला मामी नाकाला रुमाल धरून चार पायऱ्या उतरल्या, तर काय, हे साठीला टेकलेलं ध्यान गुडघ्यांवर बसून स्वतःच्या नखांनी काथ्या खरवडतंय आणि मांजराला म्हणतंय, “असं. बघ. असं करायचं.” मामी काही न बोलता वर गेल्या आणि शेजारणीला हाक मारून त्यांनी ते पोटभर सांगितलं. पण गंमत अशी की सुतळीला पटलं. आधी एक पंजा, मग दोन, मग रोज सकाळी आळस देता देता काथ्यावर खरखर. मामांच्या जिवात जीव आला. पण आता ते तिला लगेच कुणाला द्यायला धजेनात. तिसरी फेरी चुकली तर चौथी नव्हती.

त्याच सुमाराला सिस्टरांची खुर्ची दुकानात आली. सिस्टर म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या, आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या आणि निवृत्त होऊनही सगळ्यांच्या सिस्टरच राहिल्या. उंच, ताठ, एकट्या. बोलणं असं की आजारी माणूस भीतीनेच बरा व्हावा. त्यांची शेवाळी रंगाची मोठी आरामखुर्ची बसून बसून पार खचली होती. मामा तेव्हा दुसऱ्या कामात होते, ओठांत खिळे. सिस्टरांनी बोट दाखवून सांगितलं, “स्प्रिंगा बदला. बसायची जागा नव्याने भरा. हा डावा हात मात्र आहे तसाच राहू दे.”

“हं,” मामा म्हणाले.

तेवढ्यात सुतळी चादरीखालून बाहेर आली आणि सिस्टरांच्या बुटाची नाडी तपासू लागली. सिस्टरांनी वाकून, सवयीच्या हाताने तिच्या कानामागे खाजवलं. सुतळीचे डोळे मिटले. मामांनी घाईघाईने खिळे हातावर काढले आणि तिची सगळी कर्मकहाणी सांगून टाकली, सोफा आणि गिटारसकट, आणि कहाणीच्या शेवटी आशेने बघत राहिले. सिस्टर सरळ उभ्या राहिल्या. “गुणी दिसते. पण मला दाखवू नका. या वयात मी पिल्लू आणायचं, आणि माझ्यानंतर त्याचं कोण? मांजर वर्षानुवर्षं जगतं, मामा. ते जगणार आणि मी नसणार, हे मला चालायचं नाही.” विषय तिथेच संपला.

त्या गेल्यावर मामांनी खुर्चीचा डावा हात नीट पाहिला. कापडाची नुसती लक्तरं झाली होती, आतला कापूस डोकावत होता, लोंबणाऱ्या धाग्यांची झालर. आणि उजवा हात बघावा तर जवळपास शाबूत. मामांचं मन कळवळलं. एकटी बाई, कुणावर भार नको म्हणून म्हणाली असेल राहू दे. असा फाटका हात ठेवून खुर्ची परत करायची? मामांच्या दुकानातून? ते माळ्यावर चढले, वर्षानुवर्षं साठवलेल्या गाठोड्यांमधून शेवाळी रंगाचा तसाच तुकडा हुडकून काढला, आणि डावा हात असा काही बांधला की कारखान्यालाही जमला नसता. जुनं फाटकं कापड चिंध्यांच्या पोत्यात गेलं. ते काम करताना मामा गुणगुणत होते. तोंडात खिळे घेऊन गुणगुणणं सोपं नाही.

सिस्टर खुर्ची न्यायला आल्या त्या दिवशी मामांनी मुद्दाम मामींना खाली बोलावलं. आश्चर्य बघायला साक्षीदार हवा ना. मामी रुमाल घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. मामांनी चादर ओढली. सिस्टर खुर्चीत बसल्या, मागे टेकल्या, समाधानाने मान हलवली. मग त्यांचा डावा हात आपोआप बाजूला गेला आणि तिथेच थांबला. बोटं नव्या कापडावर पुढे-मागे फिरली, काहीतरी शोधल्यासारखी. त्यांनी खाली पाहिलं.

“हा मी राहू दे म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट पडला होता.

“मला वाटलं, तुम्ही संकोचाने…”

“मी संकोच कशाला करीन? आयुष्य गेलं माझं लोकांना पालथे व्हा म्हणून सांगण्यात.” त्यांनी बोटं नव्या कापडावरून उचलून घेतली. “माझा बोका होता. साहेब म्हणायचे मी त्याला. ड्यूटी संपवून आले आणि दारात किल्ली वाजली की तो पहिला इथे धावायचा, या हातावर नखं मारायचा आणि मग माझ्या पायांशी यायचा. आधी इथे, मग मी. रिटायर झाले तरी तेच. कोपऱ्यावरून पाव घेऊन आले तरी तेच. गेल्या थंडीत गेला. संध्याकाळी बसले की माझी बोटं तिथे असायची, बस, एवढंच होतं.”

माणसाने जन्मभर कुणाला तरी आनंद व्हावा म्हणून जास्तीचं काम करावं आणि त्या कामाने असं कुणाचं उरलंसुरलं पुसावं? मामांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांच्याकडे हातोडीशिवाय दुसरं काही नव्हतं. “उसवतो,” ते म्हणाले. “आत्ता उसवतो. जुनं कापड आहे पोत्यात, जसंच्या तसं लावून देतो.” त्यांनी पोतं उलटं केलं. चिंध्यांबरोबर सुतळीही बाहेर आली, झोपमोड झालेली, आणि नेमक्या त्याच शेवाळी लक्तरावर बसलेली. मामांनी तिच्याखालून ते अलगद ओढून घेतलं, ओठांत खिळे धरले, पटाशी घेतली आणि खुर्चीशेजारी गुडघे टेकून नव्या कापडाची पहिली कड उचकटली.

त्या उचकटलेल्या कडेतून आतला जुना कापूस दिसला. बोक्याचा वास त्यात राहिला होता की काय, कोण जाणे. कितीतरी दिवस काथ्याशिवाय कशालाही न शिवलेली सुतळी उठली, खुर्चीपाशी आली, हुंगली, मागच्या पायांवर ताठ उभी राहिली आणि डाव्या हाताच्या नव्या कोऱ्या कापडात तिने दोन्ही पंजे रोवले. खरखर, खरखर. मामांचा जीव उडाला. ओरडावं तर तोंडात खिळे, हाकलावं तर हातात पटाशी. ते नुसते “हं, हं” करत राहिले.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “करू दे तिला.”

सुतळीने मनसोक्त खरवडलं. धागे निघाले. मग ती थेट वर चढून सिस्टरांच्या मांडीवर गोल झाली, जशी काही खुर्ची तिच्या वाडवडिलांची होती. सिस्टरांचा हात बराच वेळ अधांतरी राहिला आणि मग तिच्या पाठीवर आला. त्यांनी खाली गुडघ्यांवर बसलेल्या मामांकडे पाहिलं.

“मामा, मी मागे विचारलं होतं ते परत विचारते. माझ्यानंतर हिचं कोण?”

“हं,” मामा म्हणाले.

“तुमचा हं सगळ्या गल्लीला माहीत आहे. तसला नको. खिळे काढा आणि सांगा.”

मामांनी हातातली पटाशी ठेवली. एकेक करून सगळे खिळे काढून पटाशीशेजारी ठेवले आणि तळहात पँटला पुसला. “मी आहे,” ते म्हणाले. एवढं बोलून त्यांना आठवण झाली आणि त्यांनी जिन्याकडे पाहिलं. हा शब्द एकट्याने द्यायचा नव्हता.

मामींचे डोळे लाल झाले होते, नाक तर त्याहून लाल. रुमालाआडून त्या म्हणाल्या, “आम्ही दोघं आहोत. मी शिंकेन, पण हिला टाकायची नाही.” आणि लागलीच शिंकल्या.

पुढचं सगळं सरळ झालं. भाची सिस्टरांचं घर बघून आली. भाचीने सिस्टरांना काय काय विचारलं माहीत नाही, पण भाचीची झोप नीट होते का आणि ती सकाळी काय खाते, हे सिस्टरांनीच विचारून घेतलं. काथ्याची फळीही खुर्चीबरोबर गेली. पडदे शाबूत राहिले, उशा शाबूत राहिल्या. सुतळी फळीवर नखं घासायची आणि खुर्चीच्या डाव्या हातावर, बाकी कशाला शिवायची नाही. निवाऱ्याच्या मागच्या खोलीत तिचं पाऊल पडलं नाही ते नाहीच.

मामा अधूनमधून जात. दुकानातलं एक कोपऱ्यातलं खोकं रिकामं रिकामं वाटायचं, हे ते मामींना सांगत नसत आणि मामींना ते दिसायचं. असेच एका संध्याकाळी ते सिस्टरांबरोबर त्यांच्या घराशी पोचले. सिस्टरांनी किल्ली फिरवली तशी आतून खरखर ऐकू आली. दार उघडेपर्यंत खरखर थांबली आणि सुतळी पायांशी हजर. आधी खुर्ची, मग माणूस. सिस्टर दारातच जरा उभ्या राहिल्या आणि मग चहा ठेवायला आत गेल्या.

मामा खुर्चीजवळ गेले. त्यांनी एवढ्या जिवापाड बांधलेल्या डाव्या हाताची पार दैना झाली होती. कापूस डोकावत होता, धागे लोंबत होते. मामांची बोटं शिवशिवली. खिशात दाभण होता, दोराही होता. चार टाके घातले असते तर कुणाला कळलंही नसतं.

“मामा,” आतून सिस्टरांचा आवाज आला, “राहू दे.”

“हं,” मामा म्हणाले. तोंडात एकही खिळा नव्हता. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि चहा येईपर्यंत तसेच उभे राहिले.